तोंडात खिळे धरणारी आत्या

हे मी लिहिणारच नव्हते. परवा अर्धं टाइप केलं आणि सगळं डिलीट करून टाकलं, कारण बाबा मागून येऊन म्हणाले, "घरातली धुणी चव्हाट्यावर कशाला धुतेस?" आणि मला ते पटलंही. मग आत्यालाच विचारलं. ती म्हणाली, "लिही की. पण मला चांगली करून लिहू नकोस. असलं वाचून लोकांना वाटतं, देवाला चांगलीच माणसं लागतात." म्हणून आता एका दमात लिहितेय. शुद्धलेखन कुणी तपासू नका.

माझी आत्या सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करते. आमच्या घराच्या खालच्या खोलीत तिचं काम चालतं. फोम, काथ्या, कापूस, स्प्रिंगा, रेक्झिनचे तुकडे, आणि मधोमध ती, मांडी घालून, तोंडात खिळे. खरंच तोंडात. मूठभर बारीक खिळे ती गालात भरते, जिभेनं एकेक पुढे सरकवते, चुंबकवाली हातोडी ओठांना लावते, खिळा हातोडीला चिकटतो, ठक्. परत ओठ, परत ठक्. एक हात कापड ताणायला लागतो ना, मग खिळे धरायला तिसरा हात कुठून आणणार? तिसरा हात म्हणजे तोंड. आता सगळे पिनांची बंदूक वापरतात, पण जुन्या लाकडाला त्या पिना धरत नाहीत म्हणते ती. हे तिला आतोबांनी शिकवलं. तिच्या नवऱ्याचं काम होतं हे.

आतोबांचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्या मंडळीची, म्हणजे आमच्या छोट्याशा चर्चची, प्रार्थनेची खोली सायकलच्या दुकानावर आहे. अरुंद लोखंडी जिना, वर खोली. काही वर्षांपूर्वी पाण्याच्या टाकीमागच्या वस्तीतले लोक एका रविवारी घोळक्यानं आले. काय काय उठवलं होतं त्यांनी! आम्ही म्हणे सरबतात गोळ्या घालतो, मुलं पळवतो, सह्या घेतो. सगळ्यात पुढे एक गृहस्थ होते, त्यांना सगळे ट्रकवालेच म्हणतात. त्यांचे तीन-चार ट्रक आहेत, वस्तीत त्यांचा शब्द चालतो. जिन्यावर ढकलाढकली झाली आणि आतोबा वरून खाली आले. खुब्याचं हाड गेलं. पोलिसांनी लिहून घेतलं, पाय घसरून पडले. आतोबा परत कधी धड उभे राहिले नाहीत. बसल्या बसल्या आत्याला काम शिकवलं, आणि एका हिवाळ्यात छाती भरली आणि गेले.

आता माझी आत्या म्हणजे येशूबद्दल कुणालाही सांगणारी बाई. बसच्या रांगेत सांगेल, दाताच्या डॉक्टरकडे सुजलेल्या गालानं सांगेल. मीटर बघायला येणाऱ्याला तर पाठ झालंय. तो लांबूनच ओरडतो, "मावशी, आज घाईत आहे, देव पुढच्या महिन्यात!" पण टाकीमागं? कधीच नाही. कापडाचं दुकान तिकडून जवळ, तरी ही बाजारातून वळसा घालून जाणार. आणि रविवारी प्रभूच्या प्रार्थनेत क्षमेची ओळ, म्हणजे आम्ही जशी दुसऱ्यांना क्षमा करतो ती, आली की आत्या गप्प. मी तिच्या शेजारी उभी असते, मला कळतं. सगळे म्हणतात, ती ओठ मिटून उभी, आणि पुढच्या ओळीला परत सुरू. एकदा मी विचारलं तर म्हणाली, "जे करत नाही ते तोंडानं कशाला म्हणू? देवाला फसवू का?"

तर ह्या बाईच्या दारात एक दिवस ट्रकवाल्यांची बायको उभी. चपला न काढता. मी अभ्यास करत होते, म्हणजे फोनवर होते.

"खुर्ची दुरुस्त करायचीय," ती म्हणाली. "सासऱ्यांची. बसायची जागा पार खाली गेलीय. त्यांच्या पाठीला जखमा झाल्यात, झोपवत नाही, खुर्चीतच बरं वाटतं त्यांना."

आत्यानं तोंडातले खिळे तळहातावर काढले. "पाठवा इथे."

"पाठवली तर ते बसतील कशावर? तिथेच येऊन करायला लागेल, थोडं थोडं. दुसरा कारागीर होता, तो मुलाकडे निघून गेला. नाहीतर आले नसते मी."

"मीही उघडलं नसतं दार, माहीत असतं तर."

"माहीत आहे मला."

 मला वाटलं आता काहीतरी उडणार. पण आत्या म्हणाली, "विचार करते." ती बाई गेली.

बाबा घरी आले आणि जे सुरू झाले! "ताई, सापळा आहे हा. डोळे झाकून सांगतो. तू आत गेलीस की हे म्हणणार दागिने गेले. नाहीतर म्हणणार, म्हाताऱ्याचा धर्म बदलायला आली. कारागीर निघून गेला म्हणे! शहरात काय दुष्काळ पडलाय कारागिरांचा?"

"नाहीच जाणार मी," आत्या म्हणाली.

पण संध्याकाळी बघते तर ती पिशवी भरत होती. हातोडी, पट्टे, दोरा, मोठी सुई.

"जातेयस?" मी विचारलं.

"हं."

"का गं?"

"घर बघायचंय मला."

"कुणाचं?"

"त्याचं."

मला ते उत्तर आवडलं नाही. आमच्या पाळकांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, कळलं तेव्हा ते एवढे खुश झाले की विचारू नका. म्हणाले, प्रभूनं दार उघडलं बघा! आत्यानं त्यांच्याकडे पाहिलंच नाही, पिशवीची चेन ओढत बसली. मला तेव्हाच पाल चुकचुकली. जी बाई मीटरवाल्याला सोडत नाही ती एवढ्या मोठ्या गोष्टीवर एक शब्द बोलत नाही, म्हणजे काय?

पहिल्या दिवशी मी तिच्यासोबत गेले, फोमचा गठ्ठा धरायला. खरं म्हणजे लक्ष ठेवायला. कुणावर ते मलाच नक्की माहीत नव्हतं.

दारातच वहिनींनी, म्हणजे त्या ट्रकवाल्यांच्या बायकोनं, पिशवी मागितली. "रागावू नका ताई, पण हे सांगून गेलेत. पिशवीत पुस्तकं वगैरे नाहीत ना?"

"बघा," आत्या म्हणाली.

वहिनींनी सगळं उपसलं. कापूस पिंजून बघितला, दोऱ्याच्या रिळाच्या भोकातून उजेडाकडे बघितलं. खिळ्यांची डबी मात्र नुसती वाजवून परत ठेवली. मग एक स्टूल ओढून आत्याच्या समोर बसल्या, हात मांडीवर, नजर आत्याच्या बोटांवर. आत्यानं गालात खिळे भरले आणि कामाला लागली. घरात कुणी बोलेना. ठक्. ठक्. बाहेरून कुणी डोकावायचं, खिडकीत दोन बायका उगीच येऊन उभ्या राहायच्या, जायच्या.

बोलले ते आजोबाच. पलंगावर कुशीवर पडले होते, एकदम सुकलेले, पण डोळे मिश्कील.

"काय चघळतेय ती?"

"खिळे, आजोबा," मी म्हणाले.

"मग आमच्या सुनेचं कौतुक काय ते! ती तर न चघळता खिळे बोलते."

"मामंजी!" वहिनी ओरडल्या.

मला हसू फुटलं. आत्याला नाही. चहा आला तर तिनं तोंडाकडे बोट दाखवून मान हलवली. माझ्यासमोर कप आला तेव्हा तिनं डोळ्यांनीच सांगितलं, नको. घसा कोरडा पडला होता माझा, तरी मी नाही प्यायले. एवढा साधा चहा, वाफ येत होती, आणि मी त्याकडे बघत होते जसं काही त्यात साप आहे.

निघायच्या आधी आत्यानं खिळे काढले आणि दोनच प्रश्न विचारले. "दिवसभर बसतात का हे खुर्चीत?"

"उजाडल्यापासून," वहिनी म्हणाल्या.

"आणि तुमचे मिस्टर? त्यांचा जीव आहे वडिलांवर?"

"जीव? अहो, स्वतःच्या हातानं घास भरवतात. बाहेर वाघ, इथे लेकरू."

आत्यानं मान डोलवली. 

दुसऱ्या दिवशी ती एकटी गेली. परत आली ती जेवली नाही. हात धुतले. थोड्या वेळानं परत धुतले. मी म्हणाले, "काही बोलले का ते लोक?" तर माझ्यावर खेकसली, "तुला कॉलेज नाही का? सारखं काय बघत असतेस माझ्याकडे?" आत्या माझ्यावर कधी ओरडत नाही हो. मी रडले. आणि मनात ठरवून टाकलं की त्यांनी नक्की काहीतरी केलंय तिला. आतोबांवरून हसले असतील. धमकी दिली असेल. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "बघितलंस? मी म्हणालो नव्हतो?"

तिसऱ्या दिवशी मी लेक्चरला असताना बाबांचा फोन. "आत्या हॉस्पिटलमध्ये. ये."

झालं होतं असं. खुर्चीची बैठक आदल्या दिवशीच बांधून झाली होती, पाठ राहिली होती. आत्या पाठीला पट्टा ठोकत होती, तोंड भरलेलं. तेवढ्यात ट्रकवाले घरी आले. ते मुद्दाम तिच्या वेळा टाळत होते, त्या दिवशी गाडी बिघडली म्हणून लवकर आले. दारात उभे राहून बघत राहिले म्हणे. मग म्हणाले, "बाई, एक सांगायचं होतं. त्या दिवशी जिन्यावर मी हात पुढे केला होता, तो त्यांना धरायला. ढकलायला नाही."

आणि आत्या ओरडली, "खोटं!"

आता तोंडात खिळे असताना माणसानं खोटं म्हणू नये, खरंही म्हणू नये. नुसता श्वास आत ओढला गेला आणि एक खिळा गेला खाली. बाकीचे जमिनीवर सांडले. तिनं गळा धरला. आणि मग त्या घरात जी घबराट झाली! ट्रकवाल्यांना वाटलं नाटक आहे, आपल्याला अडकवायचं नाटक. वहिनींना वाटलं जीव जाणार. आणि आत्याला, हे तिनंच सांगितलं, पहिल्यांदा काय वाटलं असेल? की सकाळी तिनं त्यांच्या माठातलं पाणी प्यायलं होतं, त्यात काहीतरी असणार! खिळा स्वतःच्या गळ्यात, आणि संशय पाण्यावर.

ट्रकवाल्यांनीच तिला दुसऱ्या एका सामानाच्या गाडीत पुढे बसवून हॉस्पिटलला आणलं.

मी पोचले तेव्हा बाहेरच्या पॅसेजमध्ये बाबा आणि ट्रकवाले समोरासमोर. दोघांची नाकं एकमेकांना लागायची बाकी.

"काय दिलंत तिला?"

"आम्ही काय देणार? ती आमच्या घरचा चहासुद्धा शिवत नाही!"

"मग इथे कशाला थांबलात? जा की."

"जाऊ? म्हणजे उद्या तुम्ही म्हणणार, टाकून पळून गेला. मी इथून हलत नाही. काय ते डॉक्टरच्या तोंडून माझ्यासमोर ऐकणार."

म्हणजे माणुसकी वगैरे काही नाही, पुरावा म्हणून बसले होते. डॉक्टरीणबाई एक्स-रे घेऊन आल्या आणि आम्हाला सगळ्यांना आत आत्याच्या पलंगापाशी घेऊन गेल्या. पोटात खिळा स्पष्ट दिसत होता, चिमुकला, तिरका. म्हणाल्या, "सुदैवानं श्वासाच्या नळीत गेला नाही. बहुतेक आपोआप बाहेर येईल. आज इथेच ठेवू. साधं मऊ खाऊ दे." आणि आत्याला म्हणाल्या, "आत काही बांधकाम काढलंय का?" कुणी हसलं नाही.

मग वहिनी आल्या, डब्यात सूप घेऊन. बाबा लगेच मध्ये. "नको. आम्ही आणतो आमचं."

वहिनी डबा तसाच धरून उभ्या. आणि आत्या, जी तोवर भिंतीकडे तोंड करून पडली होती, एकदम उठून बसली. "वहिनी, तुम्ही इथे, मग आजोबांजवळ कोण?"

"शेजारीण आहे. बसलेत मजेत."

"कशावर बसलेत?"

"खुर्चीवर. पाठ राहिलीय म्हणाला होतात, पण ऐकतात कुठे? नवी बैठक बघून लहान मुलासारखा हट्ट धरला. उशी लावून बसवलं."

आत्याचा चेहरा असा पांढरा पडला की मला वाटलं खिळा काळजाला लागला. तिनं वहिनींचं मनगट धरलं. "उठवा त्यांना. आत्ताच्या आत्ता. फोन करा. त्या बैठकीत मी एक खिळा उलटा ठेवलाय. टोक वर करून. काल."

कुणालाच कळेना.

"ताई," बाबा हळूच म्हणाले, "ग्लानीत आहेस तू. झोप."

"मी शुद्धीत आहे. काल ह्या आत गेल्या होत्या, तेव्हा ठेवला. वर कापूस आहे. आज टोचणार नाही. बसून बसून कापूस दाबेल, मग एक दिवस टोचेल. त्यांच्या आधीच्या जखमा भरत नाहीत, ही नवीही भरणार नाही. मला माहीत होतं." आणि मग दारात उभ्या असलेल्या ट्रकवाल्यांकडे बघून म्हणाली, "तुमच्या माणसाचं झिजत जाणं तुम्ही रोज बघावं, असं वाटलं मला. मी जसं बघितलं तसं."

 सगळा वेळ आम्ही त्यांच्यावर संशय घेतला. चहावर, पाण्यावर, सुपावर. आणि त्यांनी आमच्यावर घेतलेला संशय खरा निघाला. पुस्तकांचा नाही, दुसराच. पण खरा.

ट्रकवाले पळत गेले. जिन्यावरून त्यांच्या फोनवरचं ओरडणं ऐकू येत होतं, "उचला त्यांना! कसंही उचला!" बाबा खुर्चीत बसले आणि तोंड झाकून घेतलं. मला वाटलं वहिनी आता सूप आत्याच्या अंगावर फेकणार. मी असते तर फेकलं असतं. त्यांनी डबा खाली ठेवला आणि पलंगाच्या कडेला टेकल्या.

"मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं," त्या म्हणाल्या. "ही बाई बोलत का नाही? बाजारात तर हिचं तोंड बंद नसतं म्हणतात. म्हटलं, काहीतरी आहे पोटात. आणि मी काय शोधत बसले? पुस्तकं!"

"पोलिसात सांगा," आत्या म्हणाली. "मी नाही म्हणणार नाही."

खूप वेळ गेला. मग ट्रकवाले परत आले. हातात कापसाचा बोळा, त्यावर तो खिळा. आजोबांना ओरखडासुद्धा नव्हता. उलट ते चिडले होते म्हणे, चांगला बसलेलो उठवलं म्हणून. ट्रकवाल्यांनी खिळा आत्याच्या समोर धरला.

"माझा बाप आहे तो. त्यानं काय केलं होतं तुमचं?"

"काही नाही."

"मग?"

"माझ्या नवऱ्यानं तुमचं काय केलं होतं?"

बाबा उठले, म्हणजे आता मारामारी होणार ह्या तयारीनं. पण आत्याच पुढे बोलली. "थांबा. हे हिशेबाचं बोलणं झालं, ते मला करायचं नाही. मी गावभर सांगत फिरते ना, येशूला खिळे ठोकले आणि ठोकणाऱ्यांसाठी त्यानं क्षमा मागितली. सांगताना दर वेळी मी स्वतःला कुठं बघायचे माहितीय? खाली उभ्या राहून रडणाऱ्या बायकांमध्ये. नवरा गेलेली, बिचारी. काल रात्रभर झोप नाही मला. कारण हातोडी माझ्या हातात होती. ज्यांच्यासाठी त्यानं क्षमा मागितली, त्यातली मी. आज खिळा गिळला तेव्हा आधी वाटलं तुम्ही मारलंत. मग वाटलं, मेले तर आजोबांना कोण सांगणार? एवढंच. मला क्षमा करा असं म्हणायचा मला हक्क नाही. पण मागतेय."

ट्रकवाले तिच्याकडे बघत राहिले, डोळे बारीक करून. "म्हणजे आता मीही करायची क्षमा. असंच ना? मग मला पटणार तुमचा देव. हुशार आहात बाई."

"नाही हो. मी म्हणते ना, जा पोलिसात."

ते खिडकीपाशी गेले. आमच्याकडे पाठ. म्हणाले, "पोलिसात गेलो तर ते जिन्याचंही विचारतील."

बस्. एवढंच. त्यानंतर त्यांनी त्या विषयावर कधी शब्द काढला नाही, आजपर्यंत. धरायला की ढकलायला, आम्ही कुणी विचारलं नाही. आत्यानं डोळे मिटले, आणि बराच वेळ तिचे ओठ हलत होते, रविवारी ज्या ओळीला ती गप्प राहायची तीच ओळ असावी. मग तिनं हात पुढे केला आणि वहिनींना म्हणाली, "द्या ते सूप."

"ताई!" बाबा म्हणाले.

"अरे, खिळा पचवला मी. सूप काय करणार आहे?"

ती प्यायली. गार झालं होतं, वर साय धरलेली, तरी शेवटपर्यंत. वहिनी रडत होत्या आणि मीही.

गोष्ट इथे संपली असती तर किती छान दिसलं असतं ना? पण तसं होत नाही. पोटातला खिळा निघाला, कसा ते विचारू नका. आणि वस्तीत सगळीकडे झालं की ती बाई म्हाताऱ्याला मारणार होती. आमच्या मंडळीतही कुजबुज, पाळकसुद्धा काही दिवस आत्याच्या डोळ्यांत बघेनात. बाबांनी सांगून टाकलं, त्या घराचं नाव काढायचं नाही. आणि बोलावणं कुणाचं आलं? आजोबांचं. "माझी पाठ अर्धी सोडून खिळेवाली कुठे पळाली?"

मीही गेले. वहिनींनी ह्या वेळी पिशवीला हात लावला नाही, खिळ्यांची डबी मात्र उघडून ठेवली समोर. आत्याच म्हणाली, "ठोकलेल्या प्रत्येक खिळ्यावरून हात फिरवत जा वहिनी. मलाही बरं वाटेल." तर त्या खरंच फिरवत होत्या.

आजोबा पलंगावरून म्हणाले, "पोरी, कुणाला मारणार होतीस? मला की माझ्या पोराला?"

"तुमच्या मुलाला," आत्या म्हणाली. "तुमच्यातून."

"लांबचा रस्ता धरलास." आणि मग, "आता काय विचार आहे?"

आत्यानं तोंडातले सगळे खिळे काढून तळहातावर घेतले, पुसले, डबीत टाकले. डबीचं झाकण लावलं. आणि बोलायला लागली. येशूबद्दल. मी तिला शेकडो वेळा ऐकलंय, मीटरवाल्यासारखं मलाही पाठ आहे. पण हे तसं नव्हतं. अडखळत होती. मध्येच थांबायची. आतोबांचं सांगितलं, स्वतःचं सांगितलं, तो उलटा खिळा सांगितला, आणि म्हणाली, एवढं सगळं माहीत असून ज्यानं मला टाकलं नाही त्याची ओळख करून द्यायची होती, तुमचं काही घ्यायचं नाहीये.

ट्रकवाले दारात उभे. आत नाही, बाहेर नाही, खांदा चौकटीला. म्हणाले, "आमचं सगळं सोडायला लावणार का आता?"

"मी कोण लावणारी? आणि तुम्ही ऐकलंत तर मला काय कमिशन मिळणारे?"

"कुणाला तरी मिळत असेल."

"मिळत असतं तर माझी स्वतःची खुर्ची फाटकी असती का हो?"

आजोबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

खुर्चीची पाठ पुरी झाली तरी आत्या जात राहिली. आजोबा म्हणायचे, "कालचं पुढे सांग." ते प्रश्न विचारायचे आणि ट्रकवाले दारातून उलटतपासणी घ्यायचे, अगदी पोलिसासारखी. हा येशू होता ह्याला साक्षीदार कोण? तुमच्यातलेच एवढे भांडतात ते कसं? आत्याला काही उत्तरं यायची, काही नाही. नाही आलं की ती म्हणायची, नाही माहीत. बाबांचं अजून म्हणणं आहे की तो माणूस पुरावे गोळा करतोय. असेलही. मलाही कधीकधी तसंच वाटतं. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही. एका दुपारी आजोबांनी आत्याला म्हटलं, "तू करतेस ती प्रार्थना माझ्यासाठी कर," आणि तिनं केली, आणि ते तिच्या मागून हळूहळू म्हणत होते. ट्रकवाल्यांनी त्यांना थांबवलं नाही. चौकटीवरचा खांदाही हलवला नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आजोबा गेले. त्या खुर्चीतच, सकाळी, घास तोंडात असताना. त्यांच्या मनात शेवटी काय होतं ते त्यांना आणि देवाला माहीत, मी काही दावा करत नाही.

आत्या त्या दिवशी खूप रडली. मला वाटलं आजोबांसाठी. ती म्हणाली, "तेही आहे. पण मी किती वर्षं बाजारातून वळसा घालून गेले गं. ते म्हातारबुवा तिथेच होते, माझ्या कापडाच्या दुकानाच्या रस्त्यावर. एवढे प्रश्न होते त्यांना. आणि मला मिळाले किती दिवस? सांग ना, किती?"

 म्हणून हे लिहिलं. हे वाचणाऱ्या प्रत्येकाला एक तरी घर माहीत असणार, ज्याच्यासमोरून जायचं नाही म्हणून तुम्ही लांबून जाता. त्यांच्यावर तुमचा संशय असेल, त्यांचा तुमच्यावर असेल, दोन्ही खरेही असतील. तरी जा. उपदेश पाठ करून नका जाऊ, तुमच्या मनात काय काय आहे ते खरं सांगायची तयारी ठेवून जा. दार नाही उघडलं तर परत या आणि मग पुन्हा जा. पण परीक्षा झाल्यावर, सुट्टी लागल्यावर, असं नको. ह्या आठवड्यात जा. ती माणसं आहेत तोवर.